जर्मनचं शिक्षक व्हायचंय: आधी एम.ए. की डीएलएल?

सी 1 हातात आलं (जर्मनच्या पायऱ्या ए 1पासून सी 2पर्यंत, त्यातली ही शेवटून दुसरी), आता शिकवायचं ठरलंय, तर पुढे विद्यापीठात जर्मनचं एम.ए. करावं की गोएथे इन्स्टिट्यूट या जर्मन भाषेच्या संस्थेचं डीएलएल, म्हणजे ‘डॉइच लेरेन लेर्नेन’ हा शिक्षकांसाठीचा प्रशिक्षणक्रम? पुण्यात जर्मन शिकलेल्या बऱ्याच जणांची गाडी इथे येऊन थांबते. मी एम.ए.ला प्रवेश घेतला, पहिल्या वर्षानंतर ते बाजूला ठेवून डीएलएल धरलं आणि एम.ए. पुढे सवडीने पुरं केलं. दोन्हीकडचं मीठ खाल्लंय. तरी पारडं कुठे झुकतंय ते लपायचं नाही.

एम.ए.ची बाजू भक्कम आहे. कॉलेजात पक्की नोकरी हवी असेल तर फार विचार करूच नका. सहायक प्राध्यापकपदाच्या नेट या पात्रता परीक्षेसाठी पदव्युत्तर पदवी लागते, खुल्या प्रवर्गाला 55 टक्क्यांची अट आहे, आणि तिथे डीएलएलच्या प्रमाणपत्राला कोणी विचारत नाही. शिवाय साहित्य, भाषेचा इतिहास, भाषांतर यांची जी बैठक या दोन वर्षांत बसते ती पुढे जन्मभर पुरते. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधून किंवा मुंबई विद्यापीठाच्या कलिन्यातून जर्मन शिकून आलेले माझे सहकारी बी 2च्या वर्गात एखाद्याने ‘पण असं का?’ विचारलं तर अडखळत नाहीत. हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

माझं बिनसलं ते तसं पाहिलं तर क्षुल्लक कारणावरून. अध्यापनाच्या पेपरसाठी सराव पाठ घ्यावे लागत, आणि ते घ्यायचे वर्गमित्रांपुढे. समोर बसलेले सगळे बी 2, सी 1 झालेले. त्यांनी आपल्याला जर्मनचं अक्षरही येत नाही असं सोंग आणायचं. मी फळ्यावर सफरचंद काढायचं, आणि कालच ज्याने जर्मनमधून सेमिनार गाजवला त्याने भाबड्या चेहऱ्याने ‘वास इस्ट दास?’ (हे काय आहे?) म्हणायचं. सुरुवातीला हसू यायचं. नंतर नंतर डोकं फिरायला लागलं.

कारण सोंगातल्या चुकाही सोंगाच्याच असतात. मुद्दाम चुकायचं म्हटलं की सगळ्यांना नामाआधीचं, लिंग दाखवणारं आर्टिकलच आठवतं, त्यामुळे जो तो ‘डेर’च्या जागी ‘डी’ म्हणून मोकळा. ए 1चा खराखुरा मराठी विद्यार्थी भलतीकडेच अडतो. ‘वाइल’च्या (‘कारण’च्या) उपवाक्यात क्रियापद शेवटी न्यायला त्याला फारसे कष्ट पडत नाहीत, ते मराठीच्या वळणाचंच आहे. तो घसरतो साध्या वाक्यात. सुरुवातीला ‘मोर्गन’ (उद्या) आलं की क्रियापद दुसऱ्या जागी हवं हे विसरून ‘मोर्गन गेहे इश’ऐवजी ‘मोर्गन इश गेहे’ म्हणतो, आणि महिनोन्महिने म्हणत राहतो. दुसरं म्हणजे तो गप्प बसतो. आपले मित्र बिचारे आपले गुण जाऊ नयेत म्हणून भराभर हात वर करतात. मुक्या वर्गापुढे उभं राहायची सवय अशा पाठांतून कशी लागणार? सगळ्याच विभागांत असं चालत असेल असं मी म्हणत नाही. आता तर बऱ्याच ठिकाणी इंटर्नशिप आल्या आहेत. प्रवेश घेण्याआधी एवढं मात्र जरूर विचारा की सराव पाठ कोणापुढे घ्यायचे असतात.

डीएलएलमध्ये या सोंगाला जागाच नाही. गोएथे इन्स्टिट्यूट 1951 मध्ये सुरू झालं तेच मुळी परदेशांत जर्मन शिकवणाऱ्या शिक्षकांना तयार करायला, त्यामुळे हे काम त्यांच्या हाडीमासी आहे. खऱ्या वर्गांचे व्हिडिओ बघायचे, त्यावर चर्चा करायची, आणि युनिटच्या शेवटी आपल्याच वर्गात एक छोटा प्रयोग करायचा. त्याचं लांबलचक जर्मन नाव कोणी घेत नाही, सगळे ‘पेप’ म्हणतात. माझी तेव्हा नर्सेसची संध्याकाळची बॅच होती. ड्यूटी करून दमून आलेल्या मुली, तोंड उघडायला तयार नसत. उत्तर थेट सगळ्यांपुढे मागण्याऐवजी आधी जोडीत दोन मिनिटं बोलू दिलं तर काय होतं, एवढाच माझा प्रश्न. काही तास तसं केलं, टिपणं ठेवली, गटातल्या इतर शिक्षकांपुढे मांडली. मागच्या बाकावरच्या दोघी आपणहून बोलायला लागल्या. याला पुरावा म्हणा की योगायोग, पण माझ्या तासाचा आराखडा तेव्हापासून बदलला तो कायमचा.

अडचण आहे ती वेगळीच. पेप करायला हाताशी वर्ग लागतो, आणि तुम्ही तर शिक्षक व्हायला निघालाय! त्यातल्या त्यात वाट अशी की खाजगी क्लासवाले ए 1साठी नवख्यांना घेतात. पैसे बेताचे, पण विद्यार्थी अस्सल. वाचन-लेखन सगळं जर्मनमध्ये, तेही नोकरी सांभाळून, त्यामुळे रविवार जातात. आणि फी विद्यापीठाच्या मानाने जड.

शाळेत शिकवायचं असेल तर गणित निराळं. तिथे बी.एड. बघतात. शिवाय केंद्रीय विद्यालयांत 2014 साली वर्ष अर्ध्यावर असताना तिसरी भाषा म्हणून जर्मन काढून संस्कृत आणली होती, हे लक्षात ठेवलेलं बरं.

क्लासला येणारी मंडळीही आता पूर्वीची राहिलेली नाहीत. नर्सेस आहेतच, त्यांना जर्मनीत कामाच्या परवान्यासाठी साधारण बी 2 लागतं. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने कुशल मनुष्यबळासाठी जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, तेव्हापासून आयटीआयची पोरंही चौकशीला येतात. यांना कवितेचं रसग्रहण नको असतं. वॉर्डात, वर्कशॉपमध्ये तोंड उघडता आलं पाहिजे. अशांना शिकवायचं असेल तर माझ्या मते आधी डीएलएल, एम.ए. मागाहून.

तुम्ही बाविशीत असाल, घरच्यांना तुमच्या पगाराची घाई नसेल आणि साहित्याची खरीच ओढ असेल, तर उलट क्रमही चुकीचा नाही. डीएलएल घेतलंत तर सगळी युनिटं एकदम अंगावर घेऊ नका. पहिलं अध्यापनाचं आणि चौथं, वर्गातल्या कृती-सरावांचं, एवढी दोन करून बघा. शिकवणं आपल्याला मानवतं की नाही, याचा अंदाज तेवढ्यात येतो.