बटण टायर काढून कॉन्टिनेंटल ग्रांप्री 5000 लावले, त्याला दीड वर्ष झालं

माझी हायब्रिड सायकल आली तेव्हा तिला 38 मिलिमीटर रुंदीचे बटण टायर होते, म्हणजे रबरावर बटणांसारखे उंचवटे असलेले. मातीत उत्तम असतील, पण मी जाते धायरीहून खडकवासला, डोणजे, खानापूर आणि परत. सगळा डांबरी रस्ता. पायाखाली सतत घूं घूं आवाज यायचा. तो आवाज म्हणजे माझीच मेहनत वाया जात होती, हे उशिरा कळलं. चाक फिरताना टायर दबतो आणि परत मूळ आकारात येतो. त्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. जाड, कडक टायरात आणि वळवळणाऱ्या बटणांत ती जास्त जाते.

म्हणून ग्रांप्री 5000 घेतले, 32 मिमीचे, ट्यूबवाले. हे मॉडेल 2018 साली आलं. रबर जवळजवळ गुळगुळीत, कडा हाताने सहज दुमडते. वजन 300 ग्रॅमच्या आसपास. माझा जुना टायर स्वयंपाकघरातल्या काट्यावर 640 भरला होता.

त्याच फेरीला आधी 1 तास 40 मिनिटं लागायची. आता वारा नसेल तर दीड तास. चढावर फारसा फरक नाही, तिथे आपलं वजनच ओढावं लागतं. खरी मजा धरणापुढच्या सपाट रस्त्यावर: पायडल थांबवलं तरी सायकल पुढे जातच राहते.

हवेबद्दल मात्र सांगायलाच हवं. एका दुकानात सल्ला मिळाला, "ताई, दगडासारखी कडक भरा, पळेल." तशी भरली. खडबडीत डांबरावर सायकल उडायला लागली, तळहातांना मुंग्या आल्या आणि वेळ एक मिनिटही कमी झाला नाही. सायकल वर उडते तेव्हा पुढे जायची ताकद त्या हादऱ्यांत संपते. माझं वजन 68 किलो. आता मागे 62, पुढे 58 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरते. हात शांत, वेळ तोच. टायरवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तितकी भरायचीच असं नाही.

पावसात नक्षी नाही म्हणून घाबरू नका. सायकलचा टायर अरुंद असतो, तो पाणी बाजूला सारतो. जपायचं ते पांढऱ्या पट्ट्यांवर आणि गटाराच्या झाकणांवर.

पंक्चर दीड वर्षात तीन. रबराखाली व्हेक्ट्रान नावाच्या चिवट धाग्याचा थर आहे, पण कडेच्या धुळीतला बाभळीचा काटा त्यालाही जुमानत नाही. नवीन टायर रिमवर चढवताना अंगठे सोलवटले. किंमतही जड: एकाच्या पैशांत साध्या टायरची जोडी येते.

झीज कळावी म्हणून रबरावर दोन बारीक खळगे आहेत. पुढच्या टायरचे अजून खोल दिसतात, मागचे उथळ झालेत. दिवाळीनंतर मागचा बदलणार आहे. हाच, आणि 32 चाच.