अलेक्झांडर साहेब, २२० रुपयांत

महाराष्ट्राचे माजी राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांचं इंग्रजी आत्मचरित्र जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घरपोच मागवलं. 'उत्तम स्थिती' म्हणे! पुठ्ठा डिंकाने चिकटवलेला, पहिल्या पानावर कुठल्याशा वाचनालयाचा जांभळा शिक्का. पॅकिंग मात्र झकास, वर्तमानपत्राच्या तीन घड्या.

मी मंत्रालयात कारकुनी केली, म्हणून हा माणूस वाचायचाच होता. जन्म १९२१, गाव केरळातलं मावेलिक्करा. इंदिराजींचे आणि मग राजीव गांधींचे प्रधान सचिव. १९८५ मध्ये कार्यालयात हेरगिरीचं प्रकरण निघालं, यांनी राजीनामा दिला. पुढे लंडनला उच्चायुक्त, मग तामिळनाडूचे राज्यपाल. जानेवारी १९९३ मध्ये मुंबई दंगलीत होरपळत असताना ते इथे आले आणि जुलै २००२ पर्यंत राहिले. साडेनऊ वर्षं! तेवढ्यात पवार, जोशी, राणे, विलासराव असे चार मुख्यमंत्री शपथ घेऊन गेले. आमच्या खात्यात टेबलंसुद्धा इतकी टिकत नव्हती.

अक्षर बारीक, चष्मा लागतोच. मधली दोन पानं सुटी निघाली, दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "काका, पानं आहेत ना सगळी?" आहेत. पाचपैकी साडेतीन.