फुकटचं जेवण आणि दीड लाखाची सही

एक तारा. तोही मठ्ठ्यासाठी. जिलबी बेताचीच, मठ्ठा मात्र खरंच छान होता.

हॉलिडे मेंबरशिप विकणाऱ्या या कंपनीचं नाव लिहीत नाही, अनुभव लिहिते. मॉलमध्ये लकी ड्रॉचं कुपन भरलं होतं. आठवड्यानं फोन: "अभिनंदन मॅडम, तीन दिवस-दोन रात्रींचं व्हाउचर लागलंय. फक्त जोडीनं या, जेवण आमच्याकडे." जोडीची अट उगाच नसते. एकटं माणूस "घरी विचारून सांगते" म्हणून सुटतं.

मी २८ वर्षं ज्युनिअर कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं. सॉलोमन अ‍ॅशच्या रेषा दरवर्षी फळ्यावर काढल्या. इकडे एक रेष, तिकडे तीन, सारख्या लांबीची कोणती ते सांगा. पोरसुद्धा चुकणार नाही. पण खोलीतले बाकीचे, अ‍ॅशनं आधीच पढवलेले, एकामागून एक छातीठोकपणे चुकीचं उत्तर देतात आणि चारातले तिघे निदान एकदा तरी त्यांच्या मागे जातात. तेव्हा मी गेले ती खरं तर गंमत बघायला. आमच्या ह्यांना निघताना बजावलं, "सही करायची नाही हं."

हॉलमध्ये बारा टेबलं. गाणी इतकी मोठ्यानं की शेजारच्या टेबलावरचं अक्षर कळू नये. घंटा मात्र कळते. कुणी मेंबर झालं की मॅनेजर ती बडवतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. आपणही वाजवतो, हात मांडीवर ठेवून बसणं कसंतरीच वाटतं. अ‍ॅशलाही दबावासाठी जमाव लागला नव्हता, तीन माणसं पुरली होती. आमच्यासमोर पाऊण तासात तीन घंटा झाल्या.

आमच्या वाट्याला आलेला मुलगा जेमतेम पंचविशीचा. पाचव्या मिनिटाला मला "आई" म्हणू लागला. आधी हातात पेन दिलं. "आई, पाच वर्षांत कुठे कुठे फिरलात, तेवढंच लिहा." मग "खर्चाची बेरीज तुम्हीच करा." मग "प्लॅन आवडला की नाही, एवढंच सांगा." माणूस हुकूम कुठवर पाळतो ते बघायला येल विद्यापीठात १९६१ साली मिलग्राम या मानसशास्त्रज्ञानं लोकांपुढे एक यंत्र ठेवलं होतं. पलीकडच्या खोलीतला माणूस उत्तर चुकला की बटण दाबून त्याला विजेचा झटका द्यायचा, दर चुकीला आधीपेक्षा मोठा. यंत्रावर तीस बटणं होती, १५ व्होल्टपासून ४५० पर्यंत, दर बटणाला १५ नं चढणारी. एकदम ४५० कोण दाबेल? (आमचे हे वीज मंडळात होते. हा किस्सा निघाला की त्यांचा प्रश्न ठरलेला: "व्होल्टचं सोड, करंट किती?" करंट नव्हताच. यंत्र खोटं होतं आणि पलीकडच्या खोलीतून भिंत बडवणारा माणूस मिलग्रामचाच होता. पण बटणं दाबणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं आणि चाळिसांतले सव्वीस जण शेवटच्या बटणापर्यंत गेले.)

शेवटी ब्लेझरवाला मॅनेजर आला. २,८०,००० वर काट मारून खाली १,४५,००० लिहिलं. ही किंमत म्हणे या हॉलच्या बाहेर नाही. मी म्हटलं, कागद घरी नेऊन वाचते. "मॅडम, तशी प्रोसेस नाही." मला तर हसूच आलं. बटणं दाबायला सांगणारा मिलग्रामचा राखाडी कोटातला माणूसही 'मी सांगतो म्हणून करा' म्हणत नव्हता, 'प्रयोगासाठी तुम्ही पुढे जाणं आवश्यक आहे' म्हणत होता. हा पहिला डाव, हा दुसरा, असं ओळखत मी मान डोलावत होते. ह्यांनी टेबलाखालून पाय लावला, "चल, उठू." आणि मानसशास्त्राची बाई काय म्हणाली? "दोन तास घसा कोरडा केलाय त्या पोरानं. असं उठून जाणं बरं दिसत नाही." कार्ड माझंच होतं.

घरी आल्यावर करार वाचला. चौथ्या पानावर, मुंगीच्या अक्षरांत, रद्द करायला दहा दिवसांची मुदत. फोन कुणी उचलेना. मग लेखी मेल, मग ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार. सात आठवड्यांनी पैसे आले, १२,००० 'प्रशासकीय शुल्क' कापून. व्हाउचर अजून ड्रॉवरमध्ये पडलंय.

जायचंच असेल तर कार्ड घरी ठेवून जा. कागद व्हॉट्सअ‍ॅपवर मागा आणि पुढचं बोलणं आपल्या खुर्चीत बसून फोनवर करा. मिलग्रामचा तो साहेब खोलीबाहेर जाऊन फोनवरून हुकूम सोडू लागला, तेव्हा पाचांतला जेमतेम एक जण शेवटपर्यंत गेला.

गेल्या आठवड्यात भाजीवाल्याकडे एक बाई थबकल्या. "तुम्ही त्या दिवशी आमच्या शेजारच्या टेबलावर होता ना? आम्ही उठणारच होतो हो. पण म्हटलं, बाई शिकलेल्या दिसताहेत, अगदी मान डोलावून ऐकताहेत, म्हणजे काहीतरी तथ्य असणार. तुमची घंटा झाली आणि आमच्या ह्यांनी कार्ड काढलं."

त्यांचे दहा दिवस केव्हाच उलटून गेले होते. कोथिंबिरीच्या पुडीच्या कागदावर त्यांना १९१५ लिहून दिला.