एकच पॅक की सगळं सुटं? कराडच्या घरात दोन्ही करून पाहिल्यावर

नेट, टीव्ही आणि फोनचा खर्च कमी करायला बसलं की हल्ली दोनच वाटा समोर येतात. एका कंपनीचं फायबर घ्यायचं, त्यातच टीव्हीची चॅनल, ओटीटी, लँडलाइन, आणि महिन्याला एकच बिल. नाहीतर सगळं सुटं ठेवायचं: टीव्ही केबलवाल्याकडून किंवा छत्रीवरून, नेट साधंसं, आणि मोबाइलचे रिचार्ज ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे. कराडच्या घरी आई आणि अण्णा दोघंच असतात. तिथे मी आधी पहिली वाट धरली, चौदा महिने चालवली आणि मग दुसरीवर आलो. ज्यांच्या घरी साठीच्या पुढची माणसं टीव्ही बघतात त्यांना माझा अनुभव उपयोगी पडेल असं वाटतं. चौघंही कमावते, मोबाइल सराईतपणे वापरणारे असं घर असेल तर तुमचा हिशोब वेगळा निघू शकतो, हे आधीच सांगतो.

आधी पैशाचं बोलू. आमचा एकत्र पॅक ८९९ रुपयांचा होता. जाहिरातीत जीएसटी धरलेला नसतो, त्यामुळे १८ टक्के चढवून हातात बिल यायचं १,०६१ चं. आता सुटं चालतं त्यात केबलचे ३३० आणि नेटचे ३९९ अधिक जीएसटी, म्हणजे ४७१, असे मिळून ८०१ होतात. महिन्याला २६० चा फरक, वर्षाला तीन हजारांच्या थोडं वर. हा फरक मला फार मोठा वाटत नाही. पॅकमधल्या ओटीटी ॲपपैकी दोन जरी तुमच्या घरात खरोखर बघितली जात असतील, तर तो तिथेच भरून निघेल. आमच्याकडे एकही बघितलं जात नव्हतं.

केबलच्या ३३० मध्येही थोडं काम करावं लागलं. २०१९ मध्ये चॅनलनिहाय दर आले तेव्हा चॅनलच्या दरांशिवाय द्यायचं मूळ शुल्क जास्तीत जास्त १३० रुपये होतं, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे, आणि २०२० पासून त्यात २०० चॅनल बसू लागली. जुलै २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे फोन-टीव्ही सेवांवर देखरेख करणाऱ्या सरकारी नियामकाने, ही १३० ची मर्यादाच काढून टाकली. त्यामुळे आता तुमचा केबलवाला किंवा डीटीएचवाला किती लावतो ते विचारूनच घ्यावं. खरा पैसा जातो तो चॅनलच्या आधीच बांधलेल्या तयार गुच्छांमध्ये. आमच्या डब्यावर तेलुगू सिनेमांची, इंग्रजी कार्टूनची आणि खेळांची चॅनल वर्षानुवर्षं चालू होती. आईच्या मालिकांची मराठी चॅनल, अण्णांच्या बातम्या, सह्याद्री आणि एक कीर्तनाचं, एवढी यादी कागदावर लिहून केबलवाल्याला दिली. एचडी सगळी काढली, कारण एक एचडी चॅनल शुल्काच्या मोजणीत दोन धरतात आणि त्यांची किंमतही जास्त असते. बत्तीस इंची टीव्हीवर दोघांनाही फरक कळला नाही. बिल ४८० वरून ३३० वर आलं.

पण सगळ्यात मोठी बचत टीव्हीत किंवा नेटमध्ये झालीच नाही, ती मोबाइलमध्ये झाली. ती एकत्र पॅक ठेवूनही करता येते, म्हणून या तुलनेत ती कुणाच्याच बाजूने धरू नका. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले. तेव्हापासून आई आणि अण्णा दोघांच्या फोनवर मी २९९ चा २८ दिवसांचा रिचार्ज मारत होतो. अठ्ठावीस दिवसांचा महिना धरला की वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज होतात. दोघांचे मिळून ७,७७४ रुपये, आणि त्यातला रोजचा डेटा कोण वापरत होतं? दोघंही दिवसभर घरच्या वाय-फायवर.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम बदलला आणि फक्त कॉल व एसएमएसचे, डेटा नसलेले रिचार्ज देणं कंपन्यांना बंधनकारक केलं. २०२५ च्या सुरुवातीला ते बाजारात आले. ॲपमध्ये ते अगदी तळाशी असतात आणि रिचार्जच्या दुकानातला माणूस आपणहून सांगत नाही. ‘फक्त कॉलिंगचा, ८४ दिवसांचा’ असं नेमकं मागावं लागतं. दोघांचं वर्षाचं भागतं साधारण चार हजारांत. म्हणजे तारांचा विचार करण्याआधीच पावणेचार हजार वाचले. एक अडचण आहे. घराबाहेर पडल्यावर फोनवर नेट नसतं. अण्णा मंडईत रोखीने भाजी घेतात, त्यामुळे त्यांना चालतं. तुमचे वडील दुकानात क्यूआर स्कॅन करून पैसे देत असतील तर त्यांच्यासाठी हे घेऊ नका.

आता ज्या एका गोष्टीमुळे मी पॅक सोडला, त्याकडे येतो.

पॅकमधला टीव्ही हा नेटवर चालणारा डबा असतो. चालू केला की समोर चॅनल येत नाही, ॲपचे चौकोन येतात. आईने तेही शिकून घेतलं: कुठला चौकोन, मग खाली, मग उजवीकडे. पण डबा मधूनच स्वतःला अपडेट करायचा, किंवा लाईट जाऊन आली की लॉगिन उडायचं, आणि पडद्यावर मोबाइल नंबर टाका, ओटीपी टाका असं यायचं. महिन्यातून दोनदा तरी, कधी तीनदा. कनेक्शन अण्णांच्या नंबरवर होतं. त्यामुळे ओटीपी अण्णांच्या फोनवर येणार, अण्णा चष्मा शोधणार, तो मला फोनवर वाचून दाखवणार, आणि मी पुण्याहून आईला रिमोटचं कुठलं बटण दाबायचं ते सांगणार. आकडे टाकेपर्यंत तो बाद झालेला असायचा. पुन्हा पहिल्यापासून. साडेसातची मालिका आठ वाजले तरी सुरू झालेली नसायची.

इतकंच असतं तर मी बहुधा चालवून घेतलं असतं. एका दुपारी अण्णांना फोन आला. समोरचा म्हणाला, तुमचा टीव्हीचा पॅक आज बंद होतोय, चालू ठेवायचा असेल तर आत्ता आलेला ओटीपी सांगा. मेसेज खरंच आला होता. अण्णा चष्मा आणायला आतल्या खोलीत गेले, आईने विचारलं कुणाचा फोन, आणि तिने मला लावला म्हणून ते टळलं. तो ओटीपी टीव्हीचा नव्हताच, बँकेचा होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, हे अण्णांना मीच किती वेळा बजावलं होतं. आणि दर पंधरा दिवसांनी टीव्हीसाठी तोच ओटीपी फोनवर वाचून दाखवायची सवयही मीच लावली होती. शहात्तर वर्षांच्या माणसाने यात फरक कसा करायचा? टीव्हीचा सांगायचा, बँकेचा नाही, तोही बारीक इंग्रजी अक्षरांत आलेला मेसेज वाचून. त्यांची यात काही चूक होती असं मला आजही वाटत नाही.

मग मी नोंदणीचा नंबर बदलून माझा दिला. धोका टळला, पण आता टीव्हीची किल्ली माझ्या खिशात आली. मी मीटिंगमध्ये, गाडीवर किंवा नेटवर्क नसलेल्या ठिकाणी असलो की कराडचा टीव्ही बंद. आई फोन करायचीच नाही. ‘तू कामात असशील म्हणून नाही केला,’ असं दुसऱ्या दिवशी सांगायची. दोन संध्याकाळी दोघं बंद टीव्हीसमोर बसून लवकर झोपली, हे कळल्यावर मी केबलवाल्याला फोन लावला.

केबलच्या डब्यावर हे काहीही नाही. लाल बटण दाबलं की काल जे चॅनल होतं तेच लागतं. चॅनलचे नंबर आईने कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले आहेत. बिघाड झाला तर केबलवाल्याचा मुलगा सायकलवरून येतो आणि ‘काकू, वायर सैल झाली होती’ म्हणून पाच मिनिटांत जोडून जातो. कंपनीच्या हेल्पलाइनवर एक दाबा, दोन दाबा करत तक्रार क्रमांक मिळवण्याशी याची तुलना आकड्यांत करता येत नाही, पण मला विचाराल तर ही सोय महिन्याला शंभर रुपये जास्त देऊनही घ्यावी अशी आहे.

दुसरी एक गोष्ट लहान आहे, पण सांगतो. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली तेव्हा आमचं नेट, टीव्ही आणि लँडलाइन तिन्ही एकदम गेलं, आणि तीन दिवस काही आलं नाही. आता एक तार गेली तर दुसरी असते. मात्र बऱ्याच गावांत केबलवालाच नेटही देतो. दोन्ही त्याच्याकडूनच घेतलंत तर हा फायदा उरत नाही, म्हणून आम्ही नेट दुसऱ्याकडून घेतलं.

लँडलाइनबद्दल जुन्या मंडळींचा गैरसमज असतो, तोही दूर करायला हवा. तांब्याच्या तारेवरच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून यायची, म्हणून भारनियमनातही तो वाजायचा. फायबरवरचा फोन राउटरवर चालतो आणि लाईट गेली की तोही जातो. ‘लँडलाइन फुकट’ म्हणून पॅक घेणार असाल तर राउटरला छोटा यूपीएस किंवा इन्व्हर्टरची जोडणी हवी, आणि तो खर्च आधी धरा. आमच्या घरातल्या फुकटच्या लँडलाइनवर चौदा महिन्यांत बहुतेक कॉल आले ते कर्ज हवंय का विचारणारे.

एकत्र पॅक कुणाला घ्यावा असं मला वाटतं? घरात क्रिकेट, वेब मालिका बघणारी तरुण मुलं असतील, ओटीपी आला की तिथल्या तिथे टाकणारं कुणीतरी कायम घरात असेल, आणि तीन बिलांच्या तीन तारखा लक्षात ठेवायचा कंटाळा असेल, त्यांना. माझ्या बहिणीकडे नाशिकला तोच पॅक आहे आणि तिची काहीच तक्रार नाही. तिची दोन्ही मुलं कॉलेजात आहेत. पुण्यात आम्ही केबल ठेवलेलीच नाही. साधं फायबर आणि एका वेळी एकच ॲप, तेही महिन्याच्या बोलीवर. बघून झालं की बंद करतो.

महिन्याचा टीव्हीचा खर्च शून्यावर आणायचा असेल तर डीडी फ्री डिश आहे. डिश आणि डब्याचा खर्च एकदाच, मग काही नाही. सह्याद्री दिसतं, काही खासगी मराठी चॅनलही असतात. पण खासगी चॅनलना तिथली जागा लिलावात मिळते, त्यामुळे यंदा दिसणारं पुढच्या वर्षी दिसेलच असं नाही, आणि पैसे भरून बघायची चॅनल तिथे नसतात. मालिका हव्या असतील तर हे पुरणार नाही. आईला विचारलं, ती नको म्हणाली, विषय संपला.

बदल करायचा ठरलाच तर जुनं आधी बंद करू नका. केबल सुरू करून पंधरा दिवस दोन्ही चालू ठेवा आणि आई-वडिलांना रिमोटची सवय होऊ द्या. सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे आगाऊ भरले असतील तर ते संपत येईपर्यंत थांबलेलं बरं, उरलेले परत मिळवताना मला बराच त्रास झाला. राउटर आणि डबा परत देताना दोन्हींचे नंबर लिहिलेली पावती घ्या आणि तिचा फोटो काढून ठेवा. आमच्याकडे डबा नेऊन दोन महिने झाल्यावर, तो परत केला नाही म्हणून पैसे मागणारा मेसेज आला होता. अण्णांनी पावती वीजबिलांच्या फायलीत नीट लावून ठेवली होती. त्यांनीच ती काढून दिली, मी फोटो पाठवला आणि मागणी रद्द झाली.