केळीसाठी १६ एमएम इनलाइन नळी: कुठे घ्यावी, कुठे ऑनलाइनच बरी

रावेर-यावलकडच्या केळीला १६ एमएम इनलाइन, ५० सेंमी अंतर, तासाला ४ लिटर पाणी ठिबकवणारा ड्रिपर ही नळी आम्ही बिनधास्त सुचवतो. पण दुकानात नुसतं ‘ठिबक द्या’ म्हणू नका. इनलाइनचा ड्रिपर कारखान्यातूनच नळीच्या आत बसून येतो, अंतर मागाहून बदलता येत नाही. ऑनलाइन म्हणजे साधी नळी. पंचने भोक पाडून ड्रिपर वरून टोचायचा, झाड असेल तिथेच. (मोबाइलवरच्या ‘ऑनलाइन’ खरेदीशी याचा काही संबंध नाही, फोनवर ऑर्डर देताना हे नीट सांगा.) छाप बघूनच माल उचला: इनलाइन नळीवर आयएस (भारतीय मानक) १३४८८, साध्या नळीवर १२७८६.

५ बाय ५ फुटांच्या लागवडीत एकरी साधारण १,७४० खोडं बसतात, एकेरी नळी २,६५५ मीटर लागते. खोडामागे ३ ड्रिपर, म्हणजे तासाला १२ लिटर. एकराचं पाणी तासाला २१ हजार लिटरच्या वर जातं. मोटर तेवढं फेकत नसेल तर एकराचे दोन भाग करून दोन व्हॉल्व्ह बसवा. नाहीतर शेवटच्या ओळी कोरड्या राहतात आणि दोष फुकट नळीला जातो.

इनलाइनची खरी उणीव चोकअप, म्हणजे ड्रिपर तुंबणं. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर लवकर होतो, आणि हा ड्रिपर उघडून धुता येत नाही. आम्ल सोडावंच लागतं. आधी फिल्टर बॅकवॉश करा (उलटं पाणी सोडून धुवा), एंड कॅप म्हणजे नळीच्या टोकाचं झाकण काढून नळ्या धुवा. प्लास्टिकच्या बादलीत पाणी घेऊन त्यात आम्ल ओता. आम्लात पाणी कधीच नाही. शेवटच्या ड्रिपरच्या पाण्याचा सामू पीएच पट्टीवर ४ च्या आसपास दिसेपर्यंत व्हेंच्युरीतून (बादलीतलं द्रावण ओढून नळीत सोडणारं साधन) सोडा, संच २४ तास बंद ठेवा, मग पुन्हा एंड कॅप काढून धुवा. हे शेवटचं धुणं बरेच जण टाळतात. सुटलेला क्षार मग टोकाच्या ड्रिपरमध्ये जाऊन बसतो.

कापूस आणि नंदुरबारकडच्या मिरचीलाही इनलाइनच. हंगाम संपला की नळ्या गुंडाळाव्या लागतात, त्यात ऑनलाइनचे ड्रिपर अडकून तुटतात आणि भोकं सैल होऊन गळतात. मिरचीला अंतर ४० सेंमी घ्या.

लिंबू-मोसंबीला मात्र इनलाइन नको. झाडं १८-२० फुटांवर, मधलं सगळं पाणी तणाला जातं. तिथे साधी नळी आणि उघडता येणारे ८ लिटरचे ऑनलाइन ड्रिपर घ्या. रोपाला एक पुरतो. घेर वाढेल तसे ड्रिपर वाढवत बाहेर सरकवा आणि खोडाजवळचं जुनं भोक डमीने (प्लास्टिकच्या बुचाने) बंद करा.