ड्रॅगन की कोंबड्या: सिक्वेलच्या तारखेवर किती विसंबायचं?

जून २०१४ मध्ये ‘हाउ टू ट्रेन युअर ड्रॅगन २’ अमेरिकेत लागला आणि पहिल्या तीन दिवसांत त्याने जवळपास पाच कोटी डॉलर गोळा केले. सोमवारी बाजार उघडला तेव्हा ड्रीमवर्क्स ॲनिमेशनचा शेअर दहा टक्क्यांहून जास्त आपटला. कारण एवढंच की बाजाराने याहून मोठा आकडा धरला होता. पुढे याच सिनेमाने जगभरात ६२.१ कोटी डॉलर केले, म्हणजे पहिल्या भागाच्या ४९.५ कोटींपेक्षा कितीतरी जास्त. पण वर्ष संपायच्या आतच तिसऱ्या भागाची तारीख हलायला लागली होती.

तुमच्या घरात कुणी याच ड्रीमवर्क्सच्या ‘श्रेक ५’कडे डोळे लावून बसलं असेल, तर हा हिशेब कामाचा आहे. शेजारी ठेवायला इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा आर्डमन हा मातीच्या बाहुल्यांचे सिनेमे काढणारा स्टुडिओ घेतलाय. दोघे एकेकाळचे भागीदार. २००० सालचा ‘चिकन रन’ या जोडीचाच.

ड्रीमवर्क्स: शेजाऱ्याच्या पापाची शिक्षा

२००४ ते २०१६ ही कंपनी स्वतंत्रपणे शेअर बाजारात होती आणि वर्षाला दोन-तीन सिनेमे हाच तिचा मुख्य धंदा. सिनेमा बनत असताना होणारा खर्च ताळेबंदात मालमत्ता म्हणून बसतो. सिनेमा पडला, आता यातून तेवढी वसुली होत नाही असं दिसलं, की फरक तोटा म्हणून दाखवावा लागतो, तोही लगेच. ‘राइज ऑफ द गार्डियन्स’वर ८.७ कोटी डॉलरचा असा फटका बसला, ‘टर्बो’वर १.३५ कोटींचा, ‘मिस्टर पीबॉडी अँड शर्मन’वर ५.७ कोटींचा. २०१३ मध्ये सुमारे ३५० जणांच्या नोकऱ्या गेल्या, जानेवारी २०१५ मध्ये आणखी ५००. कंपनीचाच उत्तर कॅलिफोर्नियातला पीडीआय स्टुडिओ बंद झाला. ‘श्रेक’ जन्मला तो याच स्टुडिओत. ग्लेनडेलचं मुख्यालय १८.५ कोटींना विकून कंपनी त्याच आवारात भाड्याने राहायला लागली. राहतं घर विकून त्यातच भाडेकरू होणं म्हणजे काय, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

यात ड्रॅगनचा काय दोष होता? काहीच नाही. पण वर्षाला दोनच सिनेमे काढायचे ठरल्यावर सगळ्यांनाच रांगेत मागे सरकावं लागलं. तिसरा भाग २०१६ चा २०१७ वर गेला, मग २०१८ वर, आणि शेवटी फेब्रुवारी २०१९ मध्ये लागला.

ड्रीमवर्क्सच्याच ‘द क्रूड्स’ची गोष्ट अजून बोलकी आहे. पहिला भाग ५८.७ कोटींचा, म्हणजे चांगलाच चाललेला. ऑगस्ट २०१६ मध्ये हॉलिवूडच्या युनिव्हर्सलने सुमारे ३८० कोटी डॉलरना ड्रीमवर्क्स घेतली आणि नोव्हेंबरमध्ये ‘क्रूड्स २’ चक्क रद्द झाला. वर्षभराने त्यात पुन्हा जीव भरला, नवा दिग्दर्शक आला आणि २०२० मध्ये तो प्रदर्शित झाला. बजेट साडेसहा कोटी, पहिल्या भागाच्या निम्म्याहूनही कमी.

माझं मत यावरूनच झालंय. पैशाची ओढाताण सिक्वेल लांबवते, पण सहसा मारत नाही. उलट अडचणीतल्या स्टुडिओला ओळखीचं नावच जास्त हवं असतं. सिक्वेलच्या गळ्याशी येतं ते मालक बदलताना.

आणि बजेट घटलं की सिनेमा पातळ होतो, असंही नाही. तिसरा ड्रॅगन १२.९ कोटींत झाला, दुसरा १४.५ कोटींत. तरी तिसऱ्यातली ड्रॅगनची नगरी बघा, प्रकाशाने नुसती भरून गेलीय. त्यामागे स्टुडिओने स्वतः घडवलेलं मूनरे हे रेंडरिंगचं, म्हणजे संगणकातल्या दृश्यातून अंतिम चित्र तयार करणारं सॉफ्टवेअर होतं.

आर्डमन: घाई नाही, पण खिसाही दुसऱ्याचा

इथे मातीचे बाहुले हाताने तसूभर हलवायचे, एक फ्रेम टिपायची, पुन्हा हलवायचे. एका ॲनिमेटरच्या हातून दिवसाकाठी पडद्यावरचे जेमतेम दोनेक सेकंद निघतात. शेअर बाजाराची टांगती तलवार नाही, कारण कंपनी बाजारातच नाही. २०१८ पासून तिची ७५ टक्के मालकी कर्मचाऱ्यांच्या ट्रस्टकडे आहे. म्हणजे रातोरात कुणी विकत घेऊन सिनेमा कपाटात टाकेल, ही भीतीही कमीच.

अडतं ते वेगळ्याच जागी. मोठ्या सिनेमाला पैसा घालणारा बाहेरचाच लागतो. या जोडीचाच ‘फ्लश्ड अवे’ आपटला, ड्रीमवर्क्सला १०.९ कोटी डॉलर बुडीत दाखवावे लागले आणि २००७ च्या सुरुवातीला भागीदारी मोडली. ‘चिकन रन’ने २२.५ कोटी मिळवूनही दुसरा भाग यायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, नेटफ्लिक्सने हात दिला तेव्हा. २३ वर्षं! पहिला भाग बघितलेली पोरं तोवर आईबाप झाली.

पण एकदा पैसे देणारा ठरला की ही मंडळी शब्दाला जागतात. वॉलेस आणि ग्रोमिट या आर्डमनच्या गाजलेल्या माणूस-कुत्रा जोडीचा नवा सिनेमा २०२४ मध्ये येईल असं जानेवारी २०२२ मध्ये सांगितलं, आणि २०२४ च्या नाताळात तो बीबीसीवर हजर.

मग वाट कुणाची बघायची?

छोट्या स्टुडिओबाबत घोषणा बघू नका, पैसे कोण देतंय ते बघा. ते नाव नसेल तर विसरून जा; असेल तर तारखेवर बिनधास्त विसंबा. मोठ्या स्टुडिओचं नेमकं उलट: सिनेमा येणार हे धरून चाला, तारीख धरू नका. त्याचे बाकीचे सिनेमे कसे चाललेत यावर लक्ष ठेवा आणि मालकी बदलण्याच्या बातम्या मात्र अजिबात चुकवू नका.

‘श्रेक ५’चा मालक २०१६ पासून तोच आहे, त्यामुळे सिनेमा येईल याची मला काळजी नाही. तारीख आधी जुलै २०२६ होती, मग डिसेंबर २०२६, आता ३० जून २०२७. अमेरिकेत तेव्हा सुट्टी असते, आपल्याकडे शाळा सुरू झालेल्या असतात. भाची ती तारीख स्केचपेनने भिंतीवर लिहायला निघाली होती. तिच्या हातात पेन्सिल दिलीय.