पोलो जीटी टीएसआय १.२ साठी ट्युनिंग बॉक्स, घ्यावा का?

रिमॅप (म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअरच बदलणं) की ट्युनिंग बॉक्स (ताकद वाढवायला बाहेरून जोडायची छोटी डबी) यावर बराच किस पाडून शेवटी रेसचिप कंपनीचा बॉक्स घेतला आणि मी जाम खूश आहे. हा बॉक्स, बूस्ट म्हणजे टर्बोने दाबून भरलेल्या हवेचं प्रेशर मोजणारा सेन्सर आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) यांच्या मधे बसतो, ईसीयूला प्रेशर आहे त्याहून कमी दाखवतो, मग ईसीयू टर्बोकडून जास्त बूस्ट मागतो. बसवणं सोपं, सेन्सरचा कपलर (वायरचा प्लग) काढायचा आणि बॉक्सचा हार्नेस (वायरिंग) खट्ट आवाज येईपर्यंत दाबायचा, तो आवाज नाही आला तर चेक इंजिनचा दिवा लागलाच समजा.

खंबाटकी घाटात ओव्हरटेक करताना फरक कळतो, मिड रेंजला (इंजिनच्या मधल्या आरपीएमला) गाडी अशी ओढते की गिअर खाली टाकायची गरजच कमी पडते. खरं सांगायचं तर रिमॅप जास्त चांगला, त्यात इग्निशन टायमिंग (ठिणगी कधी पडायची ते), फ्युएल सगळं जुळवता येतं, पण तो झटकन काढता येत नाही ना. आणि बॉक्स काढून सर्व्हिसिंगला गेलं की वॉरंटी वाचली असं अजिबात धरू नका.

इंजिनचा मूळ टॉर्क (ओढण्याची ताकद) १७५ एनएम आणि ७ स्पीड ड्राय क्लच डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची मर्यादा २५० एनएम, म्हणून बॉक्सचं सेटिंग मधलंच ठेवा, पेट्रोल ९५ ऑक्टेनचं टाका. स्पार्क प्लग जुने असतील तर आधी ते बदला, बॉक्स नंतर.